होडी : जलाशयाकाठच्या शेतकऱ्याचे एक अवजार

पवना नदी सह्याद्रीत लोणावळ्याच्या दक्षिणेस उगम पावते. मावळातील धरणात तिचे पाणी साठते आणि तेथून सोडलेला प्रवाह थेरगाव-चिंचवडजवळून वाहत जाऊन दापोडीपाशी मुळेस मिळतो. पुढे मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडस येथे भीमेत व भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात जाते. अशा रीतीने थेरगाव हे एकाच पाण्यावरील दोन जलाशयांच्या मधले गाव होय. केजुदेवीच्या बंधाऱ्यामुळे तेथे नदी संथ झालेली दिसते. परंतु गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले असून होडी हे तेथील लोकांच्या रोजच्या निर्वाहाचे साधन राहिलेले नाही. वरच्या बाजूस पवनेच्या जलाशयाकाठी, आणि त्याहूनही अधिक खाली उजनीच्या काठी, ती अजून बैलगाडीसारखी घरोघरच्या कामाची आहे. पवनेचा साठा सुमारे साडेआठ अब्ज घनफुटांचा, तर उजनीचा सुमारे एकशे सतरा अब्ज घनफुटांचा आहे. इंदापूर, करमाळा, दौंड व कर्जत या तालुक्यांतील गावांमधून उजनीचे पाणी पसरलेले असल्याने पूर्वी पायी गाठता येणारे समोरचे गाव रस्त्याने अनेक कोसांच्या वळशावर गेले आणि होडीने मात्र समोर दिसते तेवढ्या अंतरावर राहिले.

या सोयीची किंमत काय पडू शकते हे दिनांक २१ मे २०२४ रोजी दिसून आले. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे सायंकाळी निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठास लागला, बाकी सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. शोधकार्यात होडी पाण्याच्या तळाशी सापडली. अशा प्रसंगी वाऱ्यास दोष देणे सोपे असते. पण वळवाचा वारा दरवर्षी त्याच महिन्यात, बहुधा त्याच वेळेस येतो, आणि उलटलेली होडी तळाशी न जाता माणसांना आधार देत पाण्यावर राहावी अशी तजवीज करणे हे गावच्या लोहारालाही शक्य आहे. तेव्हा नांगर, मोट वा पंप यांच्याप्रमाणे होडीचीही निगा कोणत्या महिन्यात व कशी घ्यावी आणि ती केव्हा पाण्यात घालू नये, हे शेतकऱ्यास ठाऊक असावयास पाहिजे.

जलाशयाकाठचा दिवस

होडी म्हणजे मासेमारी असे बाहेरच्या माणसास वाटते. मासेमारी तर आहेच. भोई, कोळी व इतर मच्छीमार कुटुंबे संध्याकाळी जाळी लावून पहाटे ती उचलतात, आणि चिलापी, कटला, रोहू, मरळ इत्यादी मासळी उजाडण्याच्या सुमारास भिगवणसारख्या बाजारात जाते. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना हेच लोक होडीतून फिरवून आणतात व त्यातून दोन पैसे मिळवतात. परंतु शेतकऱ्याचेही होडीवाचून अडते. दुधाच्या किटल्या, चाऱ्याचे भारे, खताची पोती, आजारी माणूस, कधी मोटारसायकलसुद्धा होडीतून पलीकडे नेली जाते. पाणी जसजसे ओसरते तसतशी विजेची मोटार पुढे सरकवावी लागते, आणि पाइप व केबल होडीतूनच ओढून न्यावी लागते. येथे एक गोष्ट कटाक्षाने सांगितली पाहिजे. मोटार हलवताना वीजपुरवठा काठावरच्या पेटीतून पूर्णपणे तोडलेला असावा. पत्र्याची होडी, ओले हात आणि सोललेली केबल यांचा संयोग वादळाहून कमी घातक नसतो.

ओसरलेल्या पाण्याखालून जी जमीन उघडी पडते तीत गाळपेर होते. गाळ ओलावा धरून ठेवीत असल्याने थोड्या पाण्यात मका, कडवळ, कलिंगड अशी पिके येतात. ती जमीन होडीस मात्र फार वाईट. बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे व झाडांची खोडे उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागापासून हातभर खाली येऊन थांबतात. दुष्काळात पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, ते पाहण्यास गर्दी लोटते. परंतु अशी कितीएक बांधकामे वर न दिसता पाण्याखालीच राहतात व होडीच्या तळास भोक पाडतात. सन २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे झाला होता. अशा वर्षी नेहमीच्या वाटेवरही नवखे अडथळे उभे राहतात. ज्यांना ठिकाणे माहीत आहेत अशा वडीलधाऱ्यांनी तेथे रिकामे डबे दोरीने बांधून खुणा केल्यास इतरांवर मोठे उपकार होतील.

लाकडी, पत्र्याची व फायबरची होडी

लाकडी होडीचा शत्रू पाणी नसून उन्हाळा होय. पाण्यात असताना फळ्या फुगून सांधे आवळलेले राहतात, आणि वैशाखात काठावर पालथी टाकलेली होडी पंधरा दिवसांत तडकते. म्हणून ती झाडाच्या सावलीत ठेवावी, सावली नसल्यास वर उसाचे पाचट अंथरून त्यावर अधूनमधून पाणी शिंपडावे. दुरुस्तीच्या वेळी सांध्यांतील जुना कापूस व राळ खरवडून काढावी, तेलात भिजवलेला कापसाचा पीळ बोथट पटाशीने ठोसून बसवावा व वरून राळेचा लेप द्यावा. पीळ फार घट्ट ठोसणेही बरे नव्हे, कारण फळी फुगल्यावर त्याला जागा राहत नाही व खिळे उपटले जातात. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. साधा खिळा गंजला की त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडून कुजते. पेचकसाचे टोक अशा काळ्या जागी दाबून पाहावे. ते सहज आत शिरले तर डांबराने ती जागा झाकून भागत नाही, फळीच बदलावी लागते. डांबर बाहेरील अंगास गरम लावावे, पण ते होडीत बसून वा गवताच्या गंजीजवळ तापवू नये.

पत्र्याची होडी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होते, स्वस्त पडते आणि लवकर दुरुस्त होते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्षही अधिक होते. ती बाहेरून कमी आणि आतून अधिक गंजते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तळाशी साचलेले पाणी, ओल्या जाळ्या, मासळीचा चिकट द्रव व खताच्या पोत्यातून सांडलेले दाणे यांमुळे आतील कोपरे आधी खाल्ले जातात. रोज संध्याकाळी होडी रिकामी करून, धुऊन, थोडी कलती ठेवल्यास निम्मे काम झाले. खत वाहून आणल्यावर तर धुणे अगदी आवश्यक आहे. वर्षातून एकदा तारेच्या ब्रशाने गंज घासून, पत्रा कोरडा करून, रेड ऑक्साइडचे दोन हात व नंतर रंग द्यावा. गंजावर दिलेला रंग दिसावयास चांगला असतो, पण त्याखाली गंज चालूच राहतो. रंगापूर्वी लहान हातोडीने तळ ठोकून पाहावा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि झिजलेला बद्द आवाज करतो. झिजलेल्या पत्र्यावर ठिगळ लावताना ते निरोगी पत्र्यापर्यंत पोहोचेल एवढे मोठे घ्यावे व चारही कडांनी अखंड जोडावे. चार ठिकाणी टाके मारून वर रंग फासण्याची पद्धत सर्रास आढळते. ती अगदी टाकाऊ आहे. इंजिन असल्यास जोडकामापूर्वी इंधनाची टाकी उतरवून दूर ठेवावी.

भोके शोधण्याची एक सोपी युक्ती अशी की, होडी काठावर लाकडी ओंडक्यांवर ठेवून आत घोट्याइतके पाणी ओतावे. पाणी जेथून बाहेर ठिबकेल तेथे खडूने खूण करावी. पाण्यात तरंगताना गळतीची जागा हुडकण्यात सकाळ जाते, या रीतीने ती घटकाभरात सापडते.

फायबरची होडी गंजत नाही व कुजत नाही, म्हणून तिला निगा नको अशी समजूत आहे. तिचा तळ खडकावरून ओढला की वरचा थर फाटतो, पाणी आतील काचतंतूंत मुरते, होडी जड होत जाते आणि मालकास त्याचे कारण कळत नाही. चीर पडलेली जागा पूर्ण वाळवून, पॉलिश कागदाने घासून मगच राळ व काचतंतूंचा कापड-थर द्यावा.

होडी उलटली तर

लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा पृष्ठभागाशी राहते आणि माणसास धरावयास मिळते. पत्र्याची होडी भरली की दगडासारखी तळाशी जाते. यावर उपाय हिशेबाचा आहे. दीडशे किलो वजनाच्या लोखंडी होडीचे वजन पाण्यात सुमारे एकशे तीस किलो भरते. वीस लिटरचा घट्ट बुचाचा रिकामा डबा पाण्यात जवळजवळ एकोणीस किलो भार तोलतो. म्हणजे सात डबे केवळ होडीस तोलून धरतील. तिला धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी तीन-चार डबे लागतील, कारण पाण्यात असलेल्या माणसास तरंगत ठेवण्यास थोडाच आधार पुरतो. इंजिन असल्यास त्याच्या वजनाइतके डबे वेगळे धरावेत. हे डबे बसण्याच्या फळ्यांखाली, पुढच्या व मागच्या टोकास व दोन्ही बाजूंस सारखे वाटून, पट्ट्यांनी असे जखडावेत की होडी पालथी झाली तरी सुटणार नाहीत. नुसते आत टाकलेले डबे वाहून जातात. जुने तेलाचे डबे गावात मिळतात, आणि इतक्या थोड्या खर्चात इतका मोठा लाभ देणारी दुसरी सुधारणा होडीत नाही. माणशी एक जीवरक्षक जाकीट असावे हे वेगळे सांगावयास नकोच. मात्र ते अंगात घातलेले असावे, बसण्यास उशी म्हणून घेतलेले नसावे.

भाराचाही हिशेब असाच करता येतो. चौदा फूट लांब व चार फूट रुंद अशी होडी साधारणतः नव्वद किलो भारास एक इंच खाली बसते. दहा माणसे चढली म्हणजे ती साडेसहा ते सात इंच बुडाली. रिकाम्या होडीचा काठ पाण्यावर किती आहे हे मोजून, शांत पाण्यातही निदान एक वीत काठ मोकळा राहील अशा बेताने बाहेरून पांढरी रेघ ओढावी. रेघ पाण्यास टेकली की आणखी एक पोतेही घेऊ नये. चाऱ्याचे उंच भारे वजनास हलके असले तरी ते शिडासारखा वारा धरतात. उभी मोटारसायकल होडीचा तोल वर नेते. तिला आडवी बांधून, तीबरोबर चालकाशिवाय फार तर एक माणूस न्यावा. उभे राहण्याची कोणासही मुभा नसावी.

वाऱ्याची वेळ

चैत्रापासून मृग लागेपर्यंत दुपारी जमीन तापते, हवा वर चढून ढग बनतात व त्यांतून गार वारा एकदम खाली कोसळून चहूकडे पसरतो. तोच वळवाचा झंझावात होय. उजनीसारख्या मोकळ्या पाण्यावर त्यास अडवणारे काही नसल्याने थोड्याच वेळात आखूड व उभ्या लाटा उठतात. त्या लहान होडीच्या काठावरून सरळ आत येतात. हवा अचानक कोंडणे, क्षितिजावर काळोखी येणे व पलीकडच्या काठावर धुळीची भिंत दिसणे ही लक्षणे होत. धूळ दिसल्यावर पार जाण्याची घाई न करता जवळचा काठ गाठावा. मध्येच सापडल्यास सर्वांनी तळाशी बसावे व होडीचे तोंड लाटेकडे ठेवावे, कारण लाट बाजूने घेतलेली होडी उलटते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन विजेची पूर्वसूचना देते. पण सर्वांत चांगला नियम म्हणजे या दोन महिन्यांत पारची कामे सकाळीच उरकावीत. सायंकाळी परतणारा नातेवाईक रात्रीपुरता पलीकडे राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही.

जलपर्णीचाही उपद्रव वाढत आहे. शहरांचे सांडपाणी पवना, मुळा व मुठा या नद्यांतून भीमेत येते, त्यावर ती पोसते आणि पाण्याबरोबर खाली वाहत जाते. तिच्या थरात इंजिनाचा पंखा अडकतो व वल्हे चालत नाही. पंखा मोकळा करण्यापूर्वी इंजिन बंद करावे. त्यासाठी विळा होडीत ठेवावा, त्याचबरोबर एक जादा वल्हे, लांब दोरी व पाणी उपसण्याचा दोरीने बांधलेला डबाही असावा.

ग्रामसेवक व कृषी सहाय्यक यांनी खरीपपूर्व सभा घेताना बियाण्याच्या व खताच्या चर्चेबरोबर गावातील होड्यांची मोजणी करून घ्यावी. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला असून त्यात यंत्र नसलेल्या होड्यांचाही विचार केलेला आहे. भाड्याने माणसे नेणाऱ्यांनी नोंदणीबाबत चौकशी करणे त्यांच्याच हिताचे आहे. मोजणीच्या दिवशी सर्व होड्या एकाच घाटावर आणवून पाणी ओतण्याची परीक्षा, हातोडीची परीक्षा आणि भाराची रेघ ही तीन कामे तेथल्या तेथे उरकता येतात. वेल्डिंगवाला व सुतार यांना त्या दिवशी बोलावल्यास प्रत्येकास वेगळी मजुरी पडत नाही. दुरुस्त झालेली लाकडी होडी लगेच भार घालून नेऊ नये. ती दोन-तीन दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवावी, फळ्या फुगून सांधे मिटू द्यावेत, मग पाणी उपसून रिकामीच एकदा काठाकाठाने फिरवून आणावी.