निर्जन तळ्यांना माणसांची नावं

प्रश्न : माझा भाचा कॅनडात विनिपेगला असतो. मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेला म्हणे शेकडो तळ्यांना माणसांची आडनावं आहेत. ना गाव, ना रस्ता! ही माणसं कोण?
– एक वाचक, सातारा

उत्तर : त्यांतली बरीचशी दुसऱ्या महायुद्धात मारले गेलेले सैनिक. आपल्या नावाचं तळं त्यांनी बहुधा कधी पाहिलंही नसेल.

भाच्याच्या गावचाच अँड्र्यू मिनार्स्की घ्या. लँकेस्टर विमानावरचा गनर. १३ जून १९४४ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्सच्या आकाशात विमान पेटलं, उड्या मारायचा हुकूम सुटला. शेपटाकडचा गनर पॅट ब्रॉफी मात्र अडकला होता. मिनार्स्की आगीतून त्याच्याकडे गेला, खूप झटापट केली. कपडे पेटले, पॅराशूट पेटलं. शेवटी ब्रॉफीनेच त्याला जायला खुणावलं. मिनार्स्कीने सॅल्यूट ठोकला आणि उडी घेतली. भाजल्याने तो गेला. विमान कोसळलं आणि ब्रॉफी वाचला! त्याच्या साक्षीमुळेच १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. विनिपेगात त्याच्या नावाची शाळा आहे आणि उत्तरेला ‘मिनार्स्की लेक्स’.

तळ्यांना सैनिकांची नावं देण्यामागे भावना होती, तशी नकाशेवाल्यांची अडचणही. मॅनिटोबात लाखभर तळी आहेत असं सांगतात. विमानातून फोटो घेऊन नकाशे होऊ लागले, तेव्हा नकाशावर नावच नसलेली तळी ढिगाने दिसली. मग बेटं, खाड्या, भूशिरंही वाटली गेली. १९९५ पर्यंत प्रांताच्या ४,२०० हून अधिक मृत सैनिकांची नावं नकाशावर आली. ‘निनावी’ हे अर्थात सरकारी कागदापुरतंच. तिथल्या मूळनिवासी क्री आणि डेने लोकांकडे त्यांतल्या कित्येक पाण्यांना आधीपासून नावं होती. ती बाजूला पडली, हे मला खटकतं.

आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली. मुंबईत जन्मलेले, १९६५ च्या युद्धात धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर त्यांत आहेत. मॅनिटोबाने पदकाची अट ठेवली नाही, हे मला अधिक आवडतं.

कॅनडा सरकारची स्थलनामांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते, भाच्याला सांगा. प्रत्यक्ष जायचं तर मात्र बहुतेक ठिकाणी पाण्यावर उतरणारं छोटं विमान ठरवावं लागेल.