डायलिसिस मशीन भेट देताय? आधी हा हिशेब करा

गणेशोत्सवाची शिल्लक, माजी विद्यार्थ्यांची वर्गणी, आईवडिलांच्या नावे काढलेली रक्कम. यांतून तालुक्याच्या रुग्णालयाला डायलिसिस मशीन द्यावे, असे अनेकांना वाटते. आठवड्यातून तीनदा एसटीने शहर गाठणाऱ्या रुग्णाची फरफट त्याने थांबते. पण मशीन वर्षानुवर्षे चालायचे असेल, तर कोटेशनच्या पलीकडचा खर्च आधी मांडायला हवा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने 2015 मध्ये बायोमेडिकल उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा राज्याराज्यांतल्या मोजणीत सरकारी रुग्णालयांतली 13 ते 34 टक्के उपकरणे बंद आढळली होती.

हिशेबापुरती मशीनची किंमत 7 लाख धरू. वॉरंटी संपली की देखभालीचा करार करावा लागतो. साध्या वार्षिक करारात, म्हणजे एएमसीत, इंजिनिअरची भेट आणि मजुरी येते, सुट्या भागांचे बिल वेगळे. सर्वसमावेशक करारात, म्हणजे सीएमसीत, सुटे भागही येतात, म्हणून ती महाग. सीएमसी किमतीच्या 6 टक्के धरली तर वर्षाला 42 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 49,500 रुपये. दोन वर्षांच्या वॉरंटीनंतर आठ वर्षे मशीन वापरायचे, तर जवळजवळ 4 लाख. हे दर खरेदीच्याच कोटेशनमध्ये वर्षवार लिहून घ्या. मशीन बसल्यावर घासाघीस करायला वाव राहत नाही. बॅटरी, फिल्टर आणि व्होल्टेजमुळे झालेले नुकसान करारात धरले आहे का, तेही विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असते.

आता पाणी. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथेच. मशीनमधून मिनिटाला साधारण 500 मिलिलिटर डायलायसेट, म्हणजे रक्त शुद्ध करणारे पाण्यात बनवलेले द्रावण, वाहते. चार तासांच्या एका डायलिसिसला 120 लिटर झाले, आणि ते पाणी आरओचेच लागते. आरओ प्लांट जवळपास तेवढेच पाणी बाहेर टाकतो, तेव्हा एका रुग्णामागे 250 लिटरची तरतूद हवी. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात हा प्रश्न पहिल्या बैठकीतच काढा. टँकरचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर आरओचे मेम्ब्रेन लवकर चोंदते. त्याआधीचा कार्बन फिल्टर थकला, तर नळाच्या पाण्यातले क्लोरामाइन थेट रुग्णाच्या रक्तापर्यंत पोचून तांबड्या पेशी फोडते. म्हणून आरओ प्लांट, साठवण टाकी, फिल्टरची बदली आणि पाण्याची नियमित तपासणी यांचे कोटेशन मशीनसोबतच मागवा. अर्थिंग, यूपीएस आणि जनरेटरची जोडणीही त्यातच.

रुग्णालय सरकारी असेल तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांचे लेखी पत्र घ्या. मशीन डेडस्टॉक रजिस्टरला चढले आणि देखभाल कार्यक्रमाच्या यादीत आले का, हे स्वतः पाहा. नोंदच नसेल तर दुरुस्तीची तक्रार पुढे सरकत नाही.

माझा आग्रह मात्र माणसासाठी आहे. डायलिसिस तंत्रज्ञ मशीन चालवतो. ते बिघडू नये म्हणून बघणारा बायोमेडिकल इंजिनिअर वेगळा. कंपनीचा इंजिनिअर पुण्या-मुंबईहून येईपर्यंत खुर्ची रिकामी आणि रुग्ण पुन्हा एसटीत. नवख्या इंजिनिअरला महिना 25 हजार धरले तर वर्षाचे 3 लाख होतात. पाच ट्रस्ट रुग्णालयांनी वाटून घेतले तर प्रत्येकी 60 हजार. डायलिसिसबरोबर मॉनिटर, इन्फ्युजन पंप, इन्क्युबेटर यांचे कॅलिब्रेशनही तोच पाहील. असे नवखे इंजिनिअर आज मोठ्या शहरांतच नोकरी शोधतात, कारण तालुक्यात त्यांच्यासाठी पदच नसते. देणगीदारांनी असे पद तीन वर्षे चालवून दाखवले, तर ट्रस्टनाही ते पुढे चालवणे सोपे जाईल.

थोडक्यात, हाताशी 7 लाखच असतील तर नवे मशीन घेऊ नका. रुग्णालयात जाऊन कोणते मशीन कशामुळे बंद आहे ते विचारा. सुटा भाग, मेम्ब्रेन किंवा थकलेली सीएमसी एवढ्याने ते सुरू होणार असेल, तर पैसे तिथे द्या आणि उरलेली रक्कम देखभालीसाठी मुदत ठेवीत टाका.