जुन्या तंबोऱ्याच्या तारा
(बी. ए. भाग दोन)

भजन सुरू होण्यापूर्वी तंबोरा लावला जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बुवा खुंटी पिळतात, मान तिरकी करून ऐकतात, मणी किंचित सरकवतात आणि मग समाधानाने डोळे मिटतात. ऐकणाऱ्याला या वेळी कंटाळा येतो. मलाही येत असे. पण ज्या तारेसाठी बुवा एवढा वेळ घालवतात ती तार कोणती असावी, कशाची असावी, किती जाड असावी, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो विचार करण्याची पाळी एका चुकीमुळे आली, आणि ती चूक माझीच होती. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन का केले ते समजेल.

हिवरा आश्रमाजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळाचा एक जुना मिरजेचा तंबोरा आहे. माझे आजोबा तो धरीत असत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण स्वर अर्ध्या केसाने उतरला तरी कळत असे. मी दहावीत असताना तंबोऱ्याची मधली तार पुन्हा पुन्हा तुटू लागली. मंडळात कोणीतरी म्हणाले, “तार बारीक हाय म्हणून तुटते. जाड टाका.” आजोबांनी माझ्याकडे पाहिले. “पोरगा शिकते, त्याले समजते. त्यालेच आणू द्या.” घरात शाळा पुढे चालू ठेवणारा मी पहिलाच. मला काहीच समजत नव्हते, पण तसे म्हणण्याचे धैर्य झाले नाही. मेहकरहून मी जाड पोलादी तारेचे वेटोळे आणले. तार तुटायची थांबली. सगळ्यांनी माझे कौतुक केले. दोन वर्षांनी तबली घोडीखाली दबली आणि तिला बारीक चीर गेली. त्याआधीच आजोबा वारले होते.

तंबोऱ्याची रचना

तंबोऱ्याचा खालचा भाग म्हणजे वाळवलेला भोपळा. मिरजेचे कारागीर यासाठी पंढरपूर, मंगळवेढा या भीमाकाठच्या भागातले भोपळे वापरतात. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ, किंचित फुगीर फळी बसवितात, ती तबली. तबलीवर मध्यभागी घोडी असते. तारा खाली तारदानाला बांधून घोडीवरून, दांडीच्या वरच्या टोकाजवळच्या अटीवरून आणि तारगहनाच्या भोकांतून खुंट्यांपर्यंत जातात. घोडीच्या खाली तारांत मणी ओवलेले असतात. खुंटीने स्वर ढोबळपणे लागतो, मण्याने नेमका.

मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. शस्त्रे घडविणाऱ्या व घासणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी त्याचा पाया घातला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

तारा चार. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या (यांना जोडीच्या तारा म्हणतात), आणि चौथी खर्जाची, म्हणजे मंद्र षड्जाची. जोडीच्या तारा पोलादी असतात आणि खर्जाची पितळी. पंचमाची तार पुरुषांच्या तंबोऱ्यात बहुधा पितळी आणि स्त्रियांच्या तंबोऱ्यात पोलादी घालतात. असे का, याचे उत्तर मला फार उशिरा मिळाले.

तारेचे गणित

मी कला शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे गणित म्हटले की अंगावर काटा येतो. तरी हे गणित सोपे आहे. फ्रान्समधील मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेचे नियम सांगितले. तार जितकी लांब तितका स्वर खाली. तार जितकी ताणाल तितका स्वर वर. आणि तार जितकी जड तितका स्वर खाली. स्वर तोच ठेवून तारेची जाडी दुप्पट केली, तर तिचे वजन चौपट होते आणि ताणही चौपट द्यावा लागतो.

आता आमच्या तंबोऱ्याचे पाहू. घोडीपासून अटीपर्यंतचे अंतर ९५ सेंटीमीटर भरले. बुवांचा स्वर काळी एक, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपने. आजोबांच्या पत्र्याच्या डबीत जुन्या तारेचा एक तुकडा सापडला. तो विज्ञान शाखेच्या मित्राकडून स्क्रू गेजने मोजून घेतला. जाडी ०.३१ मिलिमीटर, म्हणजे ब्रिटिश मापाने ३० नंबरची तार. मी आणलेली तार ०.४६ मिलिमीटर, म्हणजे २६ नंबरची. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी की नंबर वाढला की तार बारीक होते.

जुन्या तारेला काळी एकला लावण्यासाठी सुमारे ४.३ किलो वजनाइतका ताण लागतो. माझ्या तारेला ९.१ किलो. पितळेच्या दोन तारा धरून चार तारांचा एकूण ताण पूर्वी १७ किलोच्या आसपास होता, तो २६ किलोवर गेला. एवढा जादा भार त्या जुन्या, पातळ तबलीने दोन वर्षे, रात्रंदिवस सोसला.

पण मग जाड तार तुटायची थांबली कशी? बारीक तार ताणामुळे तुटत होती असे आम्ही धरून चाललो होतो. ते चूक होते. तार जाड केली की तिची ताकद वाढते हे खरे. पण त्याच स्वराला तिला लागणारा ताणही तेवढ्याच पटीने वाढतो. म्हणून एकाच धातूची तार, बारीक असो की जाड, ठराविक लांबीवर साधारण एकाच स्वराला तुटते. चांगली पोलादी तार त्या स्वरापासून पुष्कळ दूर होती. आमची तार दर वेळी एकाच ठिकाणी, तारगहनाच्या भोकाशी, तुटत असे. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने त्या भोकाला धारदार खाच पडली होती. बारीक तार तिथे लवकर कापली जाई, जाड तार उशिरा. दुखणे भोकात होते आणि औषध आम्ही तारेला दिले.

पोलाद की पितळ

हाच नियम पितळेला लावला म्हणजे जुन्या कारागिरांची निवड समजते. पितळ पोलादापेक्षा जड, पण पुष्कळ कमी ताकदीचे. ९५ सेंटीमीटर लांबीवर पितळी तार काळी एकच्या मध्य षड्जाला नेली, तर ती तुटण्याच्या काठावर येते. म्हणून जोडीला पोलादच हवे. खर्जाचा स्वर मात्र सप्तकभर खाली. तिथे पितळ निर्धास्तपणे टिकते.

खर्जाला पोलाद का नको? तेवढ्याच ताणावर खर्ज लावायचा तर पोलादी तार ०.६३ मिलिमीटर जाड घ्यावी लागेल, आणि इतके जाड पोलाद ताठ असते. ताठ तारेतून निघणारे वरचे स्वरांश किंचित चढे, बेसूर होतात. पितळेचा ताठपणा पोलादाच्या निम्मा असतो, आणि ते जड असल्यामुळे ०.६ मिलिमीटरमध्ये काम भागते. खर्ज गोड लागतो तो यामुळे.

जवारी

तंबोऱ्याचा खरा जीव जवारीत असतो. घोडीचा माथा रुंद व अगदी किंचित उताराचा असतो. त्यावर तार आणि घोडी यांमध्ये सुताचा दोरा सरकवतात. विशिष्ट जागी दोरा आला की तार घोडीला हलकेच स्पर्श करीत कंप पावते आणि स्वर खुलतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली वीणा व तंबोरा यांच्या घोडीवर निबंध लिहिला. तार जिथे छेडली जाते तिथे ज्यांचा स्थिर बिंदू असतो ते स्वरांश उमटू नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, असे रामन यांनी दाखविले.

तारेच्या निवडीशी याचा संबंध असा की घोडीचा उतार विशिष्ट जाडीच्या तारेसाठी घासलेला असतो. जाडी बदलली की जवारी बिघडते. मग घोडी पुन्हा कानशीने घासावी लागते, आणि प्रत्येक घासण्याने ती झिजते. तार बदलून घेता येते, घासलेले हाड परत येत नाही.

बास गिटारचा दाखला

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात दिसणारी इलेक्ट्रिक बास गिटार ही तंबोऱ्याची दूरची नातेवाईक मानली, तर तिच्याही बाबतीत हाच प्रश्न आहे. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या बासच्या तारा ३४ इंच लांबीच्या. एवढ्या लांबीवर इतका खालचा स्वर साध्या तारेने काढायचा तर ती सळईसारखी ताठ होईल. म्हणून बारीक गाभ्यावर दुसरी तार गुंडाळतात. वजन वाढते, ताठपणा फारसा वाढत नाही. गुंडाळण चपटे असेल तर आवाज मऊ, गोल असेल तर खणखणीत. जेम्स जेमरसन हे प्रसिद्ध वादक चपट्या गुंडाळणाच्या तारा वर्षानुवर्षे बदलत नसत. त्यांना तो मंद आवाजच हवा असे. तंबोऱ्यात उलट आहे. गंजलेली, मळलेली तार जवारी बोलू देत नाही. शिवाय त्या गिटारच्या मानेत पोलादी सळई घातलेली असते, ती तारांचा ताण तोलते. आपल्या तंबोऱ्याला असा आधार नाही. लाकूड, भोपळा आणि सरस यांच्या भरवशावर सारे उभे असते.

निवड कशी करावी

१. जुनी तार फेकण्यापूर्वी तिचा तुकडा मोजून घ्यावा आणि जाडी तंबोऱ्याच्या गवसणीत लिहून ठेवावी.
२. गायकाचा स्वर आधी ठरवावा, मग तार. बायकांचा स्वर वरचा, म्हणून त्यांचा तंबोरा आखूड आणि तारा बारीक असतात.
३. तार तुटल्यास कुठे तुटली ते पाहावे. भोकाशी, अटीवर किंवा मण्याजवळ तुटत असेल तर ती जागा गुळगुळीत करून घ्यावी.
४. वाद्य जुने असेल तर स्पष्ट बोलेल अशी बारीकात बारीक तार घ्यावी.
५. तरीही शंका असेल तर स्वर उतरवावा. अर्धा स्वर उतरवला की ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो.
६. वाद्य बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा सैल करून ठेवाव्यात.

शेवटी

गेल्या वर्षी मंडळात तंबोरा मोडीत काढून मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर भागवावे असा विचार निघाला. तो विचार चुकीचा होता असे मी म्हणत नाही. मोबाइलची तार तुटत नाही. पण मी बुवांना माझी चूक सांगितली आणि एकदा मिरजेला जाऊ द्या अशी विनंती केली. गोधडीत गुंडाळून तंबोरा नेला. तेथील वयस्क कारागिराने प्रथम तार चिमटीत धरून पाहिली आणि विचारले, “ही कुणी घातली?” मी म्हणालो, “मी.” ते रागावले नाहीत. तारगहनाचे भोक त्यांनी लहान कानशीने पाच मिनिटांत गुळगुळीत केले. तबलीची चीर सांधण्यास मात्र बरेच दिवस लागले, आणि दबलेली तबली पूर्वीसारखी पूर्ण वर आली नाही.

आता जोडीला ३० नंबरच्या तारा आहेत आणि तंबोरा पांढरी एकला लावतो. बुवांना थोडे खाली गावे लागते, पण त्यांची तक्रार नाही. आश्रमातल्या विवेकानंद जन्मोत्सवाच्या आधी मंडळाने तो पुन्हा भजनाला घेतला. आवाज पूर्वीपेक्षा लहान आहे, असे जुनी माणसे सांगतात आणि ते खरे आहे.

आमच्यासारख्या घरांत शिकलेल्या मुलाच्या शब्दाला फार वजन असते. त्या दिवशी “मला माहीत नाही, विचारून येतो” एवढे मी म्हटले असते, तर पाच मिनिटांचे काम होते. आजोबांच्या डबीतला तो तुकडा मी आता तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवला आहे, जाडीची चिठ्ठी लावून.