विनापरवाना परदेशी शिक्षक आणि त्याचे वेतन

ज्या कराराचा हेतू कायद्याने निषिद्ध आहे तो करार रद्दबातल, हे भारतीय करार कायदा 1872 चे कलम 23 आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी घोकत आलो आहोत. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक अमेरिकन शिक्षक स्पेनमध्ये राहण्याचा व काम करण्याचा परवाना नसताना माद्रिदच्या एका खासगी वर्गात इंग्रजी शिकवतो. पाच महिने शिकवले, पगार मिळाला दोनच महिन्यांचा. उरलेल्या तीन महिन्यांचे काय? कलम 23 चे तत्त्व सरळ लावले, तर काहीच नाही!

स्पेनचा कायदा मात्र निराळे सांगतो. परदेशी नागरिकांविषयी तेथे 2000 साली जो कायदा झाला, त्याच्या कलम 36 प्रमाणे परवाना नाही एवढ्यावरून कामगाराच्या हक्कांपुरता करार रद्द होत नाही. बेकारी भत्ता तेवढा मिळत नाही. मला यामागचा विचार पटतो. परवान्याचा प्रश्न शिक्षक आणि सरकार यांच्यातला; पगाराचा प्रश्न शिक्षक आणि वर्गचालक यांच्यातला. करार सरसकट रद्द धरला, तर फुकटच्या श्रमाचा नफा विनापरवाना माणूस नेमणाऱ्याच्याच खिशात जाईल.

युरोपीय संघाने 2009 साली काढलेला निर्देश याहून बारकाईने लिहिलेला आहे. नोकरी किती काळ होती यावर वाद झाला, तर ती निदान तीन महिने होती असे गृहीत धरायचे. तसे नव्हते हे मालकाने सिद्ध करावे, आणि अधिक काळ होती असे शिक्षकाचे म्हणणे असेल तर ते त्याने. वेतनाचा दर ठरलेला नसेल, तर किमान वेतन किंवा त्या व्यवसायातील सामूहिक करार यांचा आधार घेतला जातो. शिक्षक मायदेशी परतला असल्यास थकबाकी तिकडे पाठवण्याचा खर्चसुद्धा मालकाच्याच नावे! (हिशेबनिसाला आवडावी अशी तरतूद.) ब्रिटिश शिक्षकांना पूर्वी स्पेनमध्ये परवाना लागत नसे, 2021 पासून नव्याने जाणाऱ्यांना तो लागतो.

खुद्द ब्रिटनने उलट वाट धरली. तेथे 2016 च्या कायद्याने विनापरवाना काम करणे हा कामगाराचाच गुन्हा ठरवला, आणि अशी कमाई गुन्ह्यातून मिळालेला पैसा म्हणून जप्त होऊ शकते.

स्पेनमध्येही हक्क कागदावर आहे आणि वसुली कठीण आहे. तक्रार केली म्हणून देशाबाहेर पाठवणी टळेल, असे वचन तो निर्देश देत नाही. शिवाय पगार रोखीने, लेखी करार नाही, पावती नाही. मग पुरावा कसला? वर्गाचे वेळापत्रक, हजेरीपट, वर्गचालकाचे निरोप, विद्यार्थ्यांची साक्ष. ज्याने रोजचे तास तारीखवार वहीत टिपून ठेवले, त्याला तीन महिन्यांच्या गृहीतकाच्या पलीकडेही मागणी करता येते.