मुंबई दूरदर्शन केंद्र : मनोऱ्यापासून गावापर्यंत

महाराष्ट्रातील दूरचित्रवाणीचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, मुंबईत झाला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक केंद्र सुरू झाले होते. त्यानंतर तेरा वर्षांनी देशाला लाभलेले हे दुसरे केंद्र होय. त्याची वाटचाल बहुधा गाजलेल्या कार्यक्रमांच्या आणि कलावंतांच्या आठवणींतून सांगितली जाते. ग्रामविकासाच्या दृष्टीने मात्र या इतिहासातील प्रमुख प्रश्न निराळा आहे : ज्यांच्यासाठी कार्यक्रम तयार झाला, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला काय?

सह्याद्रीचा अडसर

दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. आकाशवाणीच्या मध्यम लहरी दूरच्या खेड्यातही ऐकू येत; चित्राचे तसे नव्हते. पृथ्वीच्या गोलाईमुळे व डोंगरांच्या आडोशामुळे एका मनोऱ्याचा पल्ला मर्यादित राहतो. मुंबईच्या पूर्वेस तर सह्याद्रीची रांगच उभी आहे. म्हणून १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारण्यात आले आणि मुंबईचे कार्यक्रम घाटमाथ्यापलीकडे दिसू लागले. विदर्भ व मराठवाडा मात्र या पल्ल्याच्या बाहेरच राहिले.

यातून एक विसंगती निर्माण झाली. शेतीविषयक 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम मुंबई केंद्राची ओळख ठरला. परंतु आरंभीच्या काळात राज्यातील बहुसंख्य शेतकऱ्यांना तो पाहण्याची सोयच नव्हती. शेतकऱ्यांसाठी असलेला कार्यक्रम मुख्यतः शहरांत व त्यांच्या परिसरात दिसत होता.

उपग्रहाचा प्रयोग

ही उणीव दूर करण्याचा मार्ग उपग्रहाने दाखविला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी, तर सायंकाळी प्रौढांसाठी शेती, आरोग्य आदी विषयांवर कार्यक्रम असत. या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. पुढे १९८३ मध्ये 'इन्सॅट-१ बी' अवकाशात गेल्यावर ग्रामीण उपग्रह सेवेसाठी जी सहा राज्ये निवडली गेली, त्यांत मात्र महाराष्ट्र होता.

१९८४ च्या मध्यापासून काही महिने देशात जवळजवळ दररोज एक नवे प्रक्षेपण केंद्र सुरू होत होते. जिल्ह्याच्या गावी चित्र आले; पण या लघुशक्ती केंद्रांवरून मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम दिसत. अंतर मिटले तरी भाषेचा प्रश्न उरला. प्रादेशिक कार्यक्रमही उपग्रहावरून देण्याची व्यवस्था झाल्यावर तो सुटू लागला. १९९४ मध्ये स्वतंत्र मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि २००० मध्ये तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. ज्या पर्वताने एकेकाळी संकेत अडविले, त्याचेच नाव राज्यभर पोहोचणाऱ्या वाहिनीला लाभले.

पाहण्यानंतरचे काम

पोहोचणे म्हणजे केवळ दिसणे नव्हे. आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप' कार्यक्रमाचे वैशिष्ट्य हेच होते, की त्यातून प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळे स्थापन झाली. पाहिलेल्या विषयावर चर्चा करावी आणि आपल्या परिसरात काही काम उभे करावे, ही त्यामागील दृष्टी होती. येथे प्रेक्षक केवळ प्रेक्षक राहिला नाही.

आज उपग्रह थेट घराच्या छपरावरील तबकडीशी बोलतो. दूरदर्शनची बहुतेक जुनी भूप्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली आहेत. डोंगर आता आड येत नाही. मात्र सामुदायिक संचासमोर एकत्र बसणारे गावही विखुरले आहे. प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर, आपापल्या वेळी पाहतो. पाहिलेल्या गोष्टीवर चार माणसांनी मिळून निर्णय घेण्याचा प्रसंग विरळा झाला आहे.

ही उणीव कोणताही उपग्रह भरून काढणार नाही. शेतीचा किंवा आरोग्याचा एखादा उपयुक्त कार्यक्रम ग्रामपंचायतीच्या सभागृहात एकत्र पाहणे, त्यानंतर शिक्षक, कृषी सहायक वा आरोग्यसेविका यांच्या उपस्थितीत शंकांचे निरसन करणे आणि आपल्या गावात त्यातील काय करता येईल ते ठरविणे, एवढे तरी गावाच्या हाती आहे. मनोऱ्यापासून गावापर्यंतचे अंतर तंत्रज्ञांनी पार केले. पडद्यापासून कृतीपर्यंतचे अंतर गावालाच पार करावयाचे आहे.