सिंकखालचं सागवान

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या एका घरात ओट्याला सागवानी रूप द्यायचं ठरलं. फर्निचर मार्केट गावातच, त्यामुळे नमुने भरपूर. ओट्याखाली प्लायची कपाटं, त्यावर सागाचं व्हिनियर, वर मेलामाइन पॉलिश. दिवाळीला आलेली मंडळी आधी स्वयंपाकघर बघायला जायची.

पावसाळ्यात सिंकखालच्या दाराला फुगवटा आला. खालची कड लादीला घासू लागली. नखाने दाबलं की प्लायचे पदर सुटत. सुताराने मागची फळी काढली, तर पलीकडच्या न्हाणीची ओल भिंतीतून आत उतरलेली, आणि ओलीच्या वाटेने वाळवीची मातीची नळी वर चढलेली.

व्हिनियरला बोल लावण्यात अर्थ नाही. ते कागदासारखं पातळ. आतला प्लाय फुगला की तेही उचललं जाणारच. दुकानात प्लाय ‘वॉटरप्रूफ’ म्हणून तोंडी सांगितला गेला होता. निघाला एमआर, म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी नव्हे. सिंकखाली आयएस ७१० या मानकाचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा, प्लायच हवा. त्याचा तुकडा ७२ तास उकळला तरी पदर सुटता कामा नयेत, अशी त्याची कसोटी असते. फळीवर आयएसआयची खूण, ७१० हा आकडा आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा, तोही करवत लागण्याआधी.

उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या या पट्ट्यात पाण्याची धास्ती खरी आहे. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेलं नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती. तळमजल्यावर तरी लाकूड जमिनीला टेकवू नये. चार इंची पीव्हीसी पाय लावावेत, कापलेली प्रत्येक कड, दिसत नसली तरी, बंद करून घ्यावी. आणि भिंतीची ओल आधी काढावी. ओल्या भिंतीवर कपाट ठोकणं म्हणजे पैसे पाण्यात.

त्या घराने आता ओट्याखाली कडप्प्याचे खण केलेत, दारांना लाकडी रेघांचं लॅमिनेट. तेलकट हात लागला तरी ओल्या फडक्याने पुसता येतं. खरं व्हिनियर शेगडीपासून लांब, वरच्या कपाटांना ठेवलंय, आणि तिथे ते फार देखणं दिसतं.

रंग निवडताना मात्र नमुना घरी आणून संध्याकाळी दिवा लावून बघावा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात सागाचा तांबूसपणा मरतो, ३००० च्या पिवळसर उजेडात तो खुलतो.