महागाई आणि घरचा जमाखर्च

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. उधळ्या मनुष्यास ती फार उपयोगी आहे, ह्यात संशय नाही. परंतु पाय होते तेवढेच राहिले आणि अंथरूण मात्र दर धुण्यास आखडत चालले, तर गृहस्थाने काय करावे? महागाई म्हणजे हे आखडणारे अंथरूण होय. म्हणून काटकसरीचा सामान्य उपदेश येथे पुन्हा न करता, महागाईच्या दिवसांत घरचा जमाखर्च कसा पाहावा, एवढाच विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडीत आहो.

प्रथम महागाईचे गणित समजून घेऊ. रुपयावरील आकडा बदलत नाही. त्याच्या बदल्यात मिळणारे माप बदलते. भाव दरसाल किती वर्षांत दुप्पट होतात, हे काढण्याची एक सोपी रीत आहे: ७२ ह्या संख्येस वाढीच्या टक्क्यांनी भागावे. भाव दरसाल शेकडा ६ वाढत असतील, तर ते सुमारे १२ वर्षांनी दुप्पट होतात. शेकडा ८ वाढत असतील, तर ९ वर्षांनी. म्हणजे ज्याची मिळकत इतक्या वर्षांत दुप्पट झाली नाही, त्याच्या हातून एक पैसाही उधळला गेला नसला, तरी तो पूर्वीपेक्षा गरीब झाला.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यास हा अनुभव नवा नाही. १९२१ साली मुंबई शहराची वस्ती पावणेबारा लाख होती, आणि तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे दोन लाखांहून अधिक होती. गिरण्यांत, गोदीत व घरकामास लागलेल्या ह्या माणसांच्या मनीऑर्डरींवर इकडील कित्येक चुली पेटत. पहिल्या महायुद्धामुळे भाव चढले. जुलै १९१४ मध्ये मुंबईतील मजुराचा जो निर्वाहखर्च होता, तो १९२० च्या अखेरीस जवळजवळ दुप्पट झाला. जानेवारी १९१९ मध्ये लाखावर गिरणीकामगारांनी संप केला, त्याच्या मुळाशी हीच महागाई होती. पुढे १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली व तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. तीत असे दिसून आले की, खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग केवळ अन्नावर जाई आणि निम्म्याच्या जवळपास कुटुंबे कर्जात होती.

अन्नावर जाणारा हा भाग फार बोलका असतो. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली असे दाखवून दिले की, कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा हिस्सा मोठा. आपल्या देशात २०२२-२३ साली झालेल्या सरकारी पाहणीत हा हिस्सा खेड्यांत शेकडा सुमारे ४६ व शहरांत सुमारे ३९ आढळला. आपले घर ह्या मापावर कोठे आहे, हे प्रत्येकास घरच्या वहीवरून काढता येईल.

आता उदाहरणादाखल एक घर घेऊ. आकडे केवळ समजण्याकरिता आहेत. महिन्याची मिळकत २०,००० रुपये. गतसाली मासिक खर्च असा होता: अन्न ९,०००, गॅस व वीज २,०००, एसटीचा पास व इतर प्रवास १,५००, शिक्षण २,०००, औषधपाणी १,०००, कपडे व सणवार १,५००, कर्जाचा हप्ता १,५००. शिल्लक १,५०० रुपये. यंदा अन्न ९,९०० झाले, गॅस व वीज २,२००, प्रवास १,६०० आणि औषधे १,१००. मिळकत तीच, राहणीही तीच. वाढ झाली १,३०० रुपयांची आणि शिल्लक उरली अवघी २००. मिळकतीतील अन्नाचा हिस्सा शेकडा ४५ वरून साडेएकोणपन्नासवर गेला. पुढील वर्षी अन्नाचा भाव तितकाच वाढला, तर केवळ त्या एका रकमेपायी ९९० रुपये अधिक लागतील, आणि घर कर्जात उतरेल. ह्या कुटुंबाने काय चूक केली? काहीही नाही. म्हणून महागाईत सापडलेल्या घरास उधळेपणाचा दोष देण्यापूर्वी मनुष्याने त्याची वही पाहावी.

मिळकत वाढत नसेल, तर कोठेतरी कात्री लागणारच. खरा प्रश्न असा आहे की ती कोठे लागते आणि कोण लावते. बहुतेक घरांत ही गोष्ट कोणी ठरवीत नाही. ती आपोआप, निमूटपणे घडते. आधी ताटातील मासळी जाते, मग दुधात पाणी वाढते, मग वरण पातळ होते. सर्वांस वाढून झाल्यावर जी शेवटी जेवावयास बसते, तिच्या वाट्यास भाकरी आणि कालवणाचे पाणी उरते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. ह्याची कारणे अनेक आहेत. परंतु शेवटी जेवणारीचे ताट हे त्यांतील एक आहे, असे आम्हांस वाटते.

ह्या बाबतीत आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. एके वर्षी भाव फार चढले, तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने घरचा हिशेब लिहावयास घेतला. तीन महिन्यांनी बेरीज केली, तो औषधांच्या खान्यात पुढेपुढे रक्कम घटत जाऊन तिसऱ्या महिन्यात शून्य होते. आम्ही ह्या बचतीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे काही दिवसांनी आई चक्कर येऊन पडली. चौकशी करता कळले की, रक्तदाबाच्या गोळ्या ती प्रथम एक दिवसाआड घेत होती आणि मागाहून तिने त्या अजिबात बंद केल्या होत्या. “तुझी परीक्षेची फी भरावयाची होती ना,” एवढेच ती म्हणाली. सुदैवाने ती बरी झाली. परंतु वहीतील प्रत्येक शून्य हे बचतीचे नसते, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. ज्या खान्यातील रक्कम एकाएकी कमी झाली, तेथे आनंद मानण्यापूर्वी ‘हे कोणी सोसले?’ असा प्रश्न विचारावा.

म्हणून अंदाजपत्रकाचा पहिला नियम आम्ही असा सांगू: कात्री लावण्यापूर्वी कात्री कोठे लागणार नाही, हे ठरवावे. आजाऱ्याचे औषध, मुलामुलींचे शिक्षण आणि घरातील प्रत्येकाचे पोटभर सकस अन्न ही तीन कलमे प्रथम मांडावी व बाकीची त्यांच्या खाली. सकस अन्न म्हणजे महाग अन्न नव्हे. पापलेटाऐवजी बांगडा किंवा तारली, परसातील शेवग्याचा पाला, कुळथाचे पिठले आणि नाचणीची भाकरी ह्यांत कस भरपूर आहे.

दुसरा नियम बेगमीचा. आपल्या आजीपणज्या आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा लागण्याच्या आधी, चार महिन्यांची तरतूद करीत. भात कणगीत जाई, कुळीथ राख लावून ठेवीत, मिरच्या कुटून मसाला होई. आमसुले, पापड, आंबापोळी, सुकट व सोडे डब्यांत भरून ठेवीत. जिन्नस जेव्हा मुबलक व स्वस्त असेल तेव्हा घ्यावा आणि महाग होईल तेव्हा वापरावा, हे व्यापाऱ्याचे तत्त्व त्या गृहिणींनी शाळेत न जाता साधले होते. मात्र त्यास दोन मर्यादा आहेत. बेगमी रोख पैशांनी करावी, कर्ज काढून नव्हे. आणि जेवढे टिकेल तेवढेच भरावे. पावसाळी हवेने बुरसलेले धान्य कितीही स्वस्त घेतलेले असले, तरी ते महागच पडले.

तिसरा नियम अनियमित मिळकतीचा. नोकरदारास महिन्याचे वेतन मिळते; पण बागायतदाराचा पैसा एप्रिल-मेच्या सुमारास येतो आणि भर पावसाळ्यात मासेमारी बंद राहते, तेव्हा मच्छीमाराच्या घरी पैसा येत नाही. अशा घरांनी हंगामाच्या मिळकतीतून प्रथम पुढील हंगामाचे खत, फवारणी, जाळी किंवा मजुरी बाजूस काढावी आणि उरलेल्या रकमेचे महिनेवार भाग पाडावे. हापूस दरसाल सारखा धरत नाही, हे आपण जाणतो. तेव्हा आंब्याची मिळकत १२ ने न भागता १८ ने भागणे शहाणपणाचे. खर्च वजा जाता १,८०,००० रुपये उरले, तर महिन्यास १५,००० न धरता १०,००० धरावे. पुढील मोहर चांगला आला, तर तो ठेवा होईल. न आला, तर सावकाराचे दार पाहावे लागणार नाही.

चौथा नियम कर्जाचा. पूर्वी मुंबईच्या मजुरास रुपयास दरमहा एक आणा व्याज द्यावे लागे. एक आणा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण वर्षाचे १२ आणे होतात आणि रुपयाचे आणे १६. म्हणजे व्याज शेकडा ७५ झाले! आणे १९५७ साली दशमान नाण्यांच्या प्रारंभाबरोबर मागे पडले, परंतु ही युक्ती मागे पडली नाही. ‘महिन्यास केवळ ३ टक्के’ असे कोणी म्हटले की विद्यार्थ्याने लगेच १२ ने गुणावे व वडिलांस ३६ हा आकडा सांगावा.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा: हिशेब घरातील सर्वांनी मिळून ऐकावा. पूर्वी मनीऑर्डरीच्या कुपनावर चार ओळी लिहिता येत. पैशाबरोबर ‘हे कशास’ हेही येई. टपालखात्याची ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. आता पैसा क्षणात येतो, पण पुष्कळदा शब्दावाचून येतो. महिन्यातून एकदा, दिवेलागणीनंतर, अर्धा तास सर्वांनी वही घेऊन बसावे. मुलांनी वाचावे, वडीलधाऱ्यांनी सांगावे, आणि आईस प्रथम विचारावे की कोणते कलम अपुरे पडते. ज्या मुलास घरची स्थिती ठाऊक असते, ते हट्ट कमी करते. आणि ज्या आईस विचारणारे कोणी असते, तिला गोळ्या लपवून बंद कराव्या लागत नाहीत.

तथापि महागाईचा सर्व भार घराच्या वहीने पेलावा, असे आमचे म्हणणे नाही. १९४२ साली जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. तेव्हा कोणत्याही गृहिणीच्या काटकसरीने तो परत आला नसता. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले, तेव्हा कोठे सामान्य माणसास ठराविक भावाने ठराविक धान्य मिळण्याची सोय झाली. १९७२ नंतरच्या दुष्काळी महागाईत मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर आदी स्त्रियांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. जे स्वयंपाकघरात सुटत नाही ते चारचौघांत मांडावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. परंतु तेथेही ज्याच्या हाती लिहिलेला हिशेब असतो, त्याचे म्हणणे वजनदार ठरते.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत पुढील अभ्यास करावा.

१. घरचा एका महिन्याचा खर्च लिहून अन्नाचा हिस्सा शेकडा किती पडतो, ते काढावे.

२. तांदूळ, तेल, डाळ, मिरची व गॅस ह्यांचे आजचे भाव लिहून ठेवावे व पुढील वर्षी त्याच दिवशी पुन्हा पडताळावे.

३. घरातील वडील माणसास त्यांच्या लहानपणीचे भाव व त्या वेळची मजुरी अशा दोन्ही गोष्टी विचाराव्या. नुसते भाव विचारल्यास जुना काळ उगाच स्वस्त वाटतो.

४. आठवडाभर रोज रात्री शेवटी कोण जेवले आणि काय जेवले, हे पाहावे. ह्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या दिवशी ताटे वाढताना ते ध्यानात ठेवावे म्हणजे पुरे.